अळणी शुक्रवार

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी नवऱ्याच्या कानाखाली वाजवली. बत्तीस वर्षांच्या संसारात भांडी आपटली, दारं आपटली, एकदा ह्यांचा मोबाइलही भिंतीवर आपटला, पण माणसावर हात टाकला नव्हता. ह्यांच्या पोटावर तेव्हा पिशवी होती. मोठ्या आतड्याचा सडका भाग कापून काढला होता, आणि आतली शिवण भरेपर्यंत लहान आतड्याचं तोंड उजव्या कुशीला बाहेर आणलं होतं. खाल्लेलं सगळं तिथूनच पिशवीत यायचं. अशा माणसाला मी मारलं, आणि मारल्यावर मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

दोन महिने मी जेलरसारखी वागत होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, ‘‘माताजी, सादा पानी कम, नमक ज़्यादा. सादा पानी जितना पिएँगे, उतना बाहर आएगा और शरीर का नमक भी साथ ले जाएगा.’’ तीन महिन्यांनी वजन पन्नासच्या वर असेल आणि रक्तातलं मीठ नीट असेल, तर आतडं परत आत घालून पिशवी काढायची. नसेल, तर नाही. आमच्या घरात दुसरा विषयच उरला नव्हता. मी पहाटे उठून मीठ घातलेली पेज, मऊ भात, पिकलेली केळी, खारं ताक करायची, मीठ-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायची आणि मग शाळेत गणित शिकवायला जायची. पिशवी किती वेळा रिकामी केली ते हे वहीत लिहून ठेवायचे.

ह्यांनी जन्मभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे वहीत खोटं लिहिणं ह्यांच्या हातून होणार नव्हतं. एरवी पाच, फार तर सहा वेळा. आणि शुक्रवारी नऊ. पुढच्या शुक्रवारी दहा. पिशवीत नुसतं पाणी. त्या पाण्याने भोवतालची कातडी सोलून लाल झाली, पिशवी चिकटेना, बदलताना हे दातात टॉवेल धरायचे. मी विचारलं की म्हणायचे, ‘‘शुक्रवारी पोट नाराज असतं.’’

मी मनाशी ठरवून टाकलं की हे माझ्या पाठीमागे कचोरी खातात. आजारपणाआधी गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी कचोरी-जिलेबी झाल्याशिवाय ह्यांचा दिवस उजाडायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हटलं. घरी आल्यापासूनचा तो नववा शुक्रवार, वैशाखातला, बाहेर लूचे तापलेले वारे चाललेले, आणि वहीत बारा वेळा लिहिलेलं. मी पर्स तशीच खांद्याला ठेवून गल्लीत उतरले, कचोरीवाल्याच्या दुकानापुढे उभी राहिले आणि त्याची अख्खी परात नाल्यात उलटी केली.

‘‘मेरे आदमी को मारोगे क्या?’’ मी ओरडले.

तो हात जोडून म्हणाला, ‘‘माताजी, गंगा मइया की कसम, बाबूजी तीन महीने से आए ही नहीं.’’

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, पण त्या वेळी ते कोण ऐकणार. शपथ खातो म्हणजे खोटाच असणार, असं म्हणत मी घरी आले आणि ह्यांना विचारलं, ‘‘काय खाल्लंत?’’ हे भिंतीकडे बघत बसले. परत विचारलं. ह्यांच्या ओठांवर पांढरी साय धरली होती, तीही मला खोटेपणाची खूण वाटली. मग मी मारली.

ह्यांनी गाल चोळला आणि मोरीकडे जायला उठले. तिथेच कोसळले. पोटऱ्यांत असे गोळे आले होते की पाय धनुष्यासारखे वळले. जीभ जड झाली होती. मला बघून म्हणाले, ‘‘आई, पाणी.’’

आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या बाजूला, गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही. शेजारच्या चौघांनी ह्यांना खाटेवर घालून उचललं. मी चादर छातीपर्यंत ओढली होती, ती चालताना तोंडावर गेली. चिता जळतात तो मणिकर्णिका घाट हाकेच्या अंतरावर. आमच्या गल्ल्यांतून खाट निघाली की लोक न बघताच भिंतीला चिकटतात आणि हात जोडतात. एका म्हाताऱ्याने सवयीने ‘राम नाम सत्य है’ सुरू केलं. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या छाताडावर फेकली. ‘‘ज़िंदा है,’’ म्हटलं. तो बिचारा मागे सरकून गाईच्या अंगावर पडला. एक पाय अनवाणी तशीच मी मुख्य रस्त्यापर्यंत धावले.

रक्तातलं मीठ इतकं उतरलं होतं की डॉक्टर माझ्यावरच खेकसले, ‘‘नमक बंद किया था?’’ मीही तितक्याच जोरात म्हटलं, ‘‘मैं अपने हाथ से डालती हूँ.’’ दोघंही ह्यांच्याकडे बघायला लागलो.

सलाइनच्या तीन बाटल्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी हे नीट बोलले. ‘‘शुक्रवारी अळणी करत होतो,’’ म्हणाले.

इथे मला माझं पाप सांगायला हवं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर बसून मी संकठादेवीला नवस बोलले होते: हे जिवंत बाहेर येऊ देत, अकरा शुक्रवार अळणी उपास करतील. स्वतःचा उपास बोलायचा सोडून मी ह्यांचा बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. शुद्धीवर आल्यावर ह्यांना कौतुकाने सांगितलंही. पुढे डॉक्टरांनी मिठाचं बजावलं तेव्हा मी म्हटलं, तुमचे शुक्रवार आता माझ्याकडे लागले. आणि मी ते करत होते. माझ्या मते विषय संपला होता.

ह्यांच्या मते नाही. मी शाळेत गेले की शुक्रवारी पेज मोरीत जायची, मीठ-साखरेच्या बाटल्याही. नुसता भात न् दही खायचे. मग तहान लागायची, म्हणून तांब्यामागून तांब्या साधं पाणी. जितकं प्यायचे तितकं पिशवीत यायचं, आणि आणखी तहान लागायची. रात्री भूक नाही म्हणून झोपायचे.

‘‘पण का?’’

‘‘ज्याच्या नावाने बोललं त्यानेच करायचं असतं. नाहीतर बोलणाऱ्यावर उलटतं. तुला काही झालं असतं म्हणजे?’’

मी हातातला स्टीलचा पेला भिंतीवर मारला. नर्स धावत आली, बरंच बोलली. मला ह्यांना पुन्हा मारावंसं वाटत होतं आणि ह्यांच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटत होतं. ह्यांचं वजन सत्तेचाळीस भरलं. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि पिशवी काढायचं दोन महिने पुढे ढकललं. मिठात कसर झाली तर त्याहीपुढे, म्हणाले.

घरी आल्यावरचा पहिला शुक्रवार आला. मी रजा काढली. पेज केली, ह्यांच्यासमोर मीठ घातलं आणि वाटी पुढे ठेवली. हे हात जोडून म्हणाले, ‘‘दोनच राहिलेत. होऊन जाऊ देत.’’ मी चमचा ओठांशी नेला, ह्यांनी दात घट्ट आवळले. मी गुडघा खाटेवर टेकला, ह्यांचं नाक दाबलं आणि श्वासासाठी तोंड उघडताच चमचा आत घातला. हिरडीला लागला. पेज गुलाबी होऊन हनुवटीवर आली.

‘‘उलटेल तुझ्यावर,’’ हे म्हणाले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

‘‘उलटू दे. गिळा.’’

गिळलं. वाटी संपायला पाऊण तास लागला. मग त्यातली खरवड मीही खाल्ली, मिठासकट. त्यानंतर आमच्याकडे कुणाचाच शुक्रवार झाला नाही. प्रत्येक दिवशी खारं ताक पिताना हे माझ्याकडे काळजीने बघायचे. मला एकदा साधा खोकला झाला तर दोन दिवस जेवले नीट नाहीत, आणि मी त्यावरूनही भांडले.

दोन महिन्यांनी काटा एक्कावन्नवर गेला. रक्त नीट आलं. डॉक्टरांनी तारीख दिली.

सकाळी साडेनऊला ह्यांना आत नेलं. आत जाताना ह्यांनी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि ते बोट हलवून नको-नको केलं. बाहेर लोखंडी खुर्च्यांवर बायका कुजबुजत होत्या, कुणी विंध्यवासिनीला, कुणी बाबाला काय काय कबूल करत होत्या. अकरा वाजले, कुणी बाहेर येईना. बारा वाजले. माझ्या पोटातून ते वर यायला लागलं, देवी, हे जिवंत बाहेर येऊ देत, मग हे... मी उठले, बसले, भिंतीवर मूठ मारली. तरी ते ओठांपर्यंत आलंच. तेव्हा मी पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरून बसले. पावणेदोनला दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘हो गया, सब ठीक है.’’ मला उत्तर द्यायचं होतं, पण जबडा सुटेना. शेवटी नर्सने दोन बोटं घालून पदर ओढून काढला.