बाय हँड

आगाशीच्या एसटी स्टँडवर पप्पांनी मला निरोप दिला तो इंग्रजीचा तास घेऊन. शाळेत त्यांनीच मला दोनदा नापास केलं होतं, त्यामुळे हा बहारीनला चाललाय यावर त्यांचा विश्वास नव्हता. "पैसे बाय ड्राफ्ट, पत्र बाय पोस्ट. गावचं कोणी येत असेल तर बाय हँड. पण पाकीट चिकटवायचं नाही हां, नेणाऱ्याचा अपमान होतो."

"सोडा आता त्याला, गाडी आली," म्हणत आईने वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा पुडा हातात कोंबला.

पप्पांची पत्रं बहारीनला उघडीच यायची. आणणारा वाटेत वाचायचा, मग आमच्या खोलीतले आठ जण. म्हैस व्यायल्याचं मला सगळ्यांत शेवटी कळायचं.

ऐंशीच्या आसपास आमच्या आळीतला पास्कू सुट्टीवरून परतला. त्याने दिलेल्या पाकिटाच्या कोपऱ्यात पप्पांच्या अक्षरात 'बाय हँड'. आणि पाकीट चिकटवलेलं.

"मास्तरांनी माझ्यासमोरच चिकटवलं रे," पास्कू म्हणाला. "मी काय विचारलं नाय. तू फोड आधी."

मी ते ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. फोडत नाही तोवर घरी सगळं ठीक, असं माझं शहाणपण. ट्रंकेकडे पाठ करून जेवायचो. पास्कू रोज विचारायचा, "फोडलंस?" आठवडा गेला, मग फोडलं.

आत दोनच ओळी. 'आई तुझं नाव घेते आहे. बाय ईस्टर ये. विसरला असशील म्हणून लिहितो, ईस्टरच्या आत.'

सुट्टी मिळून पोचलो तो ईस्टर होऊन चार दिवस झाले होते. आईला सोमवारीच मातीत ठेवलं होतं. पप्पांनी एवढंच विचारलं, "पत्र कधी मिळालं?"

"पास्कूने उशिरा दिलं," मी म्हणालो.

पप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. पास्कूशी चर्चमधल्या मिस्सानंतरसुद्धा कधी बोलले नाहीत. का, ते पास्कूला कळलं असणार. त्याने मला विचारलं नाही.

मी परत आलो, घर बांधलं. परदेशी गेलेल्यांना गाव म्हणजे काय वाटतं ते तुम्ही आपापलं सांगा. मला गाव म्हणजे पास्कूच्या ओट्यावरून जाणारी चर्चची जवळची वाट. मी लांबच्या वाटेने जातो. गुडघ्यांना चालणं बरं, असं घरात सांगतो.

काल पास्कू फाटकाशी आला. मुलीकडे दुबईला चाललाय. माझा मुलगाही तिथेच असतो. "तुझ्या पोराला काय द्यायचंय? नेतो."

हे सगळं मी मुलाला लिहिलंय. कोपऱ्यात 'बाय हँड' घातलंय. पाकीट चिकटवलेलं नाही. पास्कू वाटेत वाचेल.