शत्रुपक्षातली बायको

कंपनीत त्याला सगळे ‘अँटेना’ म्हणत. ताडमाड उंची, जरा पुढे झुकलेली मान, आणि काम खांबावर चढून अँटेना बसवण्याचं. नाव ठेवणाऱ्याला फारसं डोकं चालवावं लागलं नव्हतं.

कंपनी छोटीच होती. एका बाजूला गाद्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे डबे ठोकणारे, आणि मधल्या शेडमध्ये हे लोक. लष्करी तळांवर घिरट्या घालणारे छोटे ड्रोन वेळीच हेरून त्यांचा सिग्नल तोडणारी यंत्रणा तिथे तयार होई. वर रडार, खाली गर्रकन वळणारा कॅमेरा, शेजारी जॅमर, आणि तंबूत स्क्रीनसमोर बसलेला एक माणूस. तो माणूस बहुतेक वेळा अँटेनाच असे, कारण एकदा खांब उभा राहिला की त्याला दुसरं काम उरत नसे.

त्याची बायकोही ड्रोन उडवायची. बांधकाम चाललेले पूल, विकायला काढलेले प्लॉट, कारखान्यांची गळकी छपरं यांचे वरून फोटो काढून द्यायची. कोणी विचारलं की हा म्हणायचा, “ती ना? फोटोबिटो काढते.” बायको ऐकायची आणि ड्रोनच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायची.

एका मोठ्या तळाचं टेंडर निघालं. चाचणीत जी यंत्रणा सरस ठरेल तिला काम मिळणार होतं. मालकांनी आधी सराव करायचं ठरवलं. पण सरावाला शत्रू हवा. कंपनीतली मुलं ड्रोन उडवायची ती इतकी सरळ, की रडार बिचारं कंटाळून जाई.

“माझ्या बायकोला बोलावू की,” अँटेना म्हणाला.

त्याच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. ती येईल, पकडली जाईल, आणि आपला नवरा नक्की काय करतो ते एकदा तिच्या डोळ्यांनी बघेल, एवढंच त्याला हवं होतं.

गावाबाहेरच्या पडीक मैदानात सराव ठेवला. ती झाडांपलीकडे कुठेतरी उभी होती. अँटेना स्क्रीनवर डोळे लावून बसला. एक पक्षी, दोन पक्षी, आणखी एक पक्षी. पक्षी दिसला की यंत्र त्याला आपोआप सोडून देई, नाहीतर दिवसभर भोंगा वाजत राहिला असता. बराच वेळ काही झालं नाही तसा त्याने चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि तंबूच्या दारात काहीतरी गुणगुणलं. बघतो तर बायकोचा ड्रोन त्याच्या नाकासमोर तरंगत होता, त्याच्याकडे टक लावून. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, चहा सांडला बघा पँटवर.”

मुलं पोट धरधरून हसली. मालकही हसले. अँटेनाही हसला, पण ते हसू ओठांच्या खाली उतरलं नाही.

झाडांच्या आडून, जमिनीलगत, पाखरासारखी थांबत थांबत ती आली होती. यंत्राने तिला पक्षी समजून सोडून दिलं होतं. त्या दिवसापासून मुलांनी तिचं नाव ‘घार’ ठेवलं. सरावाला आली तेव्हा ती ‘वहिनी’ होती. आठवडा संपायच्या आत ‘मॅडम’ झाली. हे त्याला जास्त झोंबलं. इतकी वर्षं कंपनीत घालवून तो अजून अँटेनाच होता.

सराव पाहायला तळावरून एक मेजरसाहेब आले होते. त्यांनी तिचं उडवणं पाहिलं आणि मालकांना बाजूला घेतलं. अंतिम चाचणीत सगळ्या कंपन्यांवर हल्ला करायला त्यांना हीच बाई हवी होती. तिने आधीच सांगून टाकलं, “माझे मिस्टर याच कंपनीत आहेत.”

“मग घरी कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली.

अँटेना चार पावलांवर उभा होता. तुला जमेल का, असं त्याला कुणी विचारलं नाही.

मग रोज सकाळी दाराशी जीप येऊ लागली. लेक गॅलरीतून हात हलवायची आणि शाळेत सगळ्यांना सांगायची. बायको संध्याकाळी उन्हाने रापून यायची, थकलेली पण खुशीत.

“कसं चाललंय?” तो विचारायचा.

“चाललंय.”

सांगायचं नाही हे ठरलेलंच होतं, त्यालाही ते माहीत होतं. तरी तो एक शब्द त्याला पुरायचा नाही. एकदा मेजरांचा फोन आला आणि ती गॅलरीत जाऊन खळखळून हसली.

“एवढं काय हसण्यासारखं होतं?”

“नाही सांगता येणार हो.”

भलतंसलतं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण त्यात काही तथ्य नाही हे तोही जाणून होता. उलट तसं असतं तर त्याला रागवायला सोपं गेलं असतं. त्याला जाळत होतं ते वेगळंच. ती काय करते, कसं करते, तिला ते कसं सुचतं, हे कुणीतरी परका माणूस तिला बसवून विचारत होता आणि तिला सांगण्यासारखं खूप काही होतं. त्याने लग्नानंतर हे कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय राहिली नव्हती.

चाचणीच्या आदल्या दिवशी तो तळावर खांब उभारत होता. वरून त्याला सगळं मैदान दिसलं: समोर धावपट्टी, उजवीकडे गोदामं, डावीकडे पाण्याच्या टाक्यांची रांग. आणि ती कुठून येणार हे त्याला लख्ख समजलं. भरल्या सभागृहात ती डावीकडच्या भिंतीला धरून शिरायची. गाडी लावताना डावीकडे जागा नसेल तर आणखी एक फेरी मारायची. कुठेही जायचं तर आधी कशाच्या तरी आडोशाला थांबायचं, अंदाज घ्यायचा, मग पुढे व्हायचं. पहिल्यांदा त्याला भेटायला आली होती तीही अशीच, खांबाआडून.

तो खाली उतरला आणि मालकांकडे गेला.

“साहेब, कॅमेरा टाक्यांकडे रोखून ठेवू. घार तिकडूनच येणार.”

“कशावरून?”

“नवरा आहे मी तिचा.”

मालकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पाठीवर थाप मारली. कॅमेऱ्याने चारी बाजूंना फिरत राहायचं असा चाचणीचा नियम होता. त्याबद्दल दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या कंपन्यांना तिने पार रडवलं. मग यांची पाळी आली. ड्रोन टाक्यांच्या मागून डोकावला मात्र, स्क्रीनवर तो चक्क भरून दिसला. अँटेनाने बटण दाबलं. ड्रोन डगमगला आणि गवतात बसला. तंबूत एकच कल्ला झाला, मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या उंचीवरून त्याला ती दिसली. ड्रोन उचलायला आली होती. ड्रोनकडे तिचं लक्षच नव्हतं. ती खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघत होती.

संध्याकाळी लेक क्लासला गेल्यावर तिने विषय काढला.

“कॅमेरा आधीपासूनच टाक्यांकडे होता.”

“योगायोग.”

“अहो.”

एवढंच म्हणाली, आणि त्याला मान खाली घालावी लागली.

“मी हरले त्याचं काही नाही,” ती म्हणाली. “पण तुमच्या यंत्राने मला पाहिलंच नाही. पाहिलं तुम्ही. उद्या खरा कुणी ड्रोन घेऊन आला, तर तो काय तुमच्या घरी जेवायला असणार आहे? तळावरची पोरं त्या यंत्राच्या भरवशावर झोपतील तिथे.”

मग तो फुटलाच. “तुला काय जातंय बोलायला! मॅडम, जीप, मेजर! मी आणलं तुला तिथे. मी! आणि मला कोण ओळखतं? खांबावरचं माकड!”

ती त्याच्या समोर येऊन बसली.

“तुम्हाला माझा हेवा वाटतो?”

“हो. वाटतो. पोटात दुखतं तुझी जीप आली की.”

“मग तेच बोलायचं होतं. कडाकडा भांडलो असतो आणि मोकळे झालो असतो. हे काय केलंत?”

सकाळी तिने मेजरांना सांगितलं, “माझ्या उडवण्याच्या सवयी त्या तंबूतल्या माणसाला पाठ आहेत. ही फेरी धरू नका. दुसऱ्या कुणालातरी उडवायला सांगा.” कॅमेऱ्याबद्दल ती काही बोलली नाही. पण मेजरांनी तंबूत येऊन थेट विचारलं, “कॅमेरा कुणी रोखला होता?” मालक स्वतःचे बूट न्याहाळू लागले.

“मी,” अँटेना म्हणाला.

पुन्हा चाचणी झाली. या वेळी तिचं उडवणं रोज पाहणारा तळावरचाच एक जवान उडवायला होता. तो गोदामांकडून पाखरासारखा थांबत थांबत आला, यंत्राने त्याला पक्षी समजून सोडून दिलं, आणि टेंडर गेलं. मालकांनी अँटेनाला स्टोअररूममध्ये सुटे भाग मोजायला बसवलं. कंपनीत नातलग असलेल्याला चाचणीत घ्यायचं नाही, या नियमावर आता बोट ठेवून तळावरचं तिचंही काम थांबवलं गेलं. ती पुन्हा प्लॉटचे फोटो काढू लागली.

सकाळी जीप आली नाही तेव्हा पहिल्यांदा त्याला काय वाटलं? बरं वाटलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं तसंच. मग ती रिकाम्या रस्त्याकडे बघत केस विंचरताना दिसली आणि ते बरं वाटणं त्याला खाऊ लागलं.

पक्षी आणि ड्रोन यांतला फरक यंत्राला शिकवल्याशिवाय आता कुणी कंपनीला दारात उभं करणार नव्हतं. त्यासाठी पुन्हा शत्रू हवा होता. मालकांनी अँटेनाकरवी निरोप धाडला.

“त्यांना स्वतः येऊ दे,” ती म्हणाली.

मालक आले, सोफ्याच्या कडेवर टेकून बसले. नोकरी पक्की, चाचणी विभाग तिच्या हाताखाली, आणि तिच्या होकाराशिवाय कुठलंही यंत्र शेडबाहेर जाणार नाही, एवढं तिने कबूल करून घेतलं. अँटेना आत चहा गाळत होता. चाचणी विभाग तिच्या हाताखाली, म्हणजे पुन्हा खांबावर चढणारा तोही आलाच की त्यात.

वर्षभर ती यंत्राला छळत राहिली आणि तो खांबावर चढून तिने सांगितलेले बदल करत राहिला. कामावर ‘मॅडम’ म्हणायची त्याने सवय करून घेतली. घरी मात्र एक-दोनदा कडाकडा भांडला. शेवटी एका लहानशा तळाचं काम मिळालं.

तिथे तो वर रडार बसवत होता. खाली ती जवानांना यंत्र समजावून देत होती, आणि ते शाळकरी मुलांसारखे तिच्याभोवती गोळा झाले होते. शिडी धरून उभा असलेला हवालदार वर बघून म्हणाला, “काय समजावतात हो मॅडम! तुम्ही ओळखता का त्यांना?”

“थोडंफार.”

खाली कशावर तरी हशा पिकला आणि टाळ्या वाजल्या. त्याच्या पोटात दुखायचं तिथे दुखलंच. त्याने हवालदाराकडे पाना मागितला आणि पुढचा बोल्ट आवळायला घेतला.