शकूचा नंबर

फीत शकूनं कापली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मग महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि मला म्हणाल्या, "आता हिला बाकावर बसवा. बाकीच्या पोरांना मोकळं खेळू द्या."

मी म्हणाले, "व्हय बाई."

नुसतं म्हणाले नाय. हसून म्हणाले.

गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत मुलांची नवी बाग झाली होती. शकू माझी धाकटी लेक, पाच वर्षांची. जन्मापासून दिसत नाय. 'सर्व मुलांसाठी' असं पाटीवर लिहिलं होतं, म्हणून फीत कापायला आंधळी पोर हवी होती. आठ दिवस मी तिला चिंध्या कापायला शिकवलं. "फीत कापली की घसरगुंडी," असं कबूल केलं. स्वतःला शेजारणीची साडी मागून आणली, इस्त्रीला दिली. पिशोरहून शहरात आलेली मी. बायकांनी फोटोच्या ओळीत उभं केलं यातच भरून पावले. अशी मी शहाणी.

शकू बाकावर पाय हलवत ऐकत होती. घसरगुंडीवरून पोर आलं की खाली वाळूत धप्प वाजायचं.

"आई, सहा धप्प झाले. माझा कितवा नंबर?"

"तुझा नंबर नाय. गप बस, लोक बघतेत."

तिचे पाय थांबले. ते थांबलेले पाय आठवले की आजही माझी मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, बागेत कुणी नसताना, थोरलीला झोक्यावर बसवलं, स्वतःच्या डोळ्यांवर पदर बांधला आणि निघाले. शिडी चाचपडत चढले, घसरलेसुद्धा. एवढी घोडी, साडीसकट. काही झालं नाय. उठून चार पावलं गेले तर झोका कपाळात बसला. थोरली हसून लोळली. मला टेंगूळ आलं, आणि अक्कल. धोका शकूच्या डोळ्यांत नव्हता. आवाज न करणाऱ्या झोक्यात होता.

माहेरहून बैलांची घुंगरमाळ आणली, झोक्याच्या साखळीला बांधली. झोक्याभोवती जाडा मुरूम टाकला, पायाला कळावं म्हणून. फाटकापासून शिडीपर्यंत दोर ताणला, हातानं धरून जायला.

अध्यक्षीणबाई आल्या. "बागेचा गोठा केलात. काढा हे आधी."

'व्हय बाई' जिभेवर आलंच होतं. लई जुनी सवय. गिळलं.

"नाय काढणार. आता शकूचा नंबर हाये."

शकू दोर धरून गेली. पायऱ्या मोजल्या. धप्प.

माळ त्यांनी दोनदा काढली. मी दोनदा बांधली.

शकूला आता स्वतःची लेकरं आहेत, मी आजी झाले. ती म्हणते, "आई, मला नाय आठवत ते." खोटं बोलते, माझ्यासाठी. मला आठवतं. तिला बाकावर बाईंनी नाय बसवलं. मी बसवलं.

माळेची गोष्ट शहरभर झाली, म्हणून अजूनही कुणी नवी बाग उघडायला मला बोलावतं. मी कात्री घरून नेते. सांगते, आधी न दिसणारी पोरं खेळतील, एकटी, कुणाचा हात न धरता. मग फीत.

तोवर कात्री माझ्या पिशवीत.