प्यायचा चहा

नंदकुमार ताजातवाना असा शेवटचा कधी दिसला होता, हे आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरात राहणाऱ्या मराठी मंडळींना नीटसं आठवत नाही. जवळच्या लिक्सलिप गावी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात त्याच्या बारा-बारा तासांच्या पाळ्या. २०२० मध्ये सगळं जग घरी बसलं, पण कारखाना बसला नाही, त्यामुळे नंदकुमारलाही बसता आलं नाही. बाकीचे आयटीवाले पायजम्यावर शर्ट चढवून मीटिंगा करत होते, तेव्हा हा नखशिखांत पांढरा पोशाख घालून यंत्रांच्या रांगांमधून फिरत असायचा. घरी आला की बूट काढता काढता जिन्याच्या पायरीवरच झोपायचा. एक बूट पायात, एक हातात.

"यू ग्रँड, डॅड?" निहारिका, त्याची मुलगी, त्याला ओलांडून वर जाताना विचारायची.

"ग्रँड," तो डोळे न उघडता म्हणायचा. इथे 'ग्रँड' म्हणजे 'ठीक', आणि या देशात येऊन त्याने हा एकच शब्द मनापासून आपलासा केला होता. तो म्हणायला उठून बसावं लागत नाही.

अशा माणसाच्या बायकोने डोंगरावर संशोधन करावं आणि तिला गाडी चालवता येऊ नये, हे नशिबाने फार विचारपूर्वक जुळवून आणलं होतं.

पद्मजा पुण्यात असताना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर घर आणि निहारिका यांत बरीच वर्षं गेली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं. विषय, डोंगरावरचं पाइनचं जंगल आणि त्यात मध्ये मध्ये उगवणारा लव्हाळा.

"वहिनी, लव्हाळा?" त्यांच्या शेजारचा विवेक म्हणाला होता. "आमच्या शेतात तो उपटायला बायका लावतात, आणि तुम्ही त्याच्यावर डॉक्टर होणार?"

"उपटून टाकण्यासारखं इथेही बरंच काही आहे, भावजी," पद्मजा म्हणाली. "पण सुरुवात लव्हाळ्यापासून करते."

डब्लिनच्या दक्षिणेला हे 'उंचावरचं' जंगल. उंची पाचशे मीटर! नंदकुमारने पहिल्यांदा आकडा ऐकला तेव्हा तो थकलेल्या अवस्थेतही हसला होता, कारण त्याचं कोथरूडचं घर, तेही तळमजल्यावरचं, याहून उंचावर आहे. मग तो गाडीतून खाली उतरला आणि वाऱ्याने त्याची टोपी पळवली. त्यानंतर तो उंचीवर बोलला नाही. त्या वाऱ्यात झाडांनीही वाढायचा नाद सोडला होता. चाळीस वर्षांचे पाइन, आणि उंची रस्त्यावरच्या दिव्याएवढी. वाकलेली, एका बाजूने फांद्या नसलेली, कशीबशी उभी. नंदकुमारला ती झाडं एकदम घरची वाटली. रात्रपाळीवाली.

पद्मजाने त्याला सगळं समजावलं होतं. हा डोंगर मुळात ओला, दलदलीचा. हजारो वर्षं पाण्याखाली राहून न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा काळा थर म्हणजे पीट. त्यावर माणसांनी चर खणले, पाणी काढलं आणि पाइन लावले. पीट सुकलं आणि कुजू लागलं. झाडांखाली अंधार, नुसत्या सुयांचा तपकिरी गालिचा, दुसरं काही उगवत नाही. पण मध्ये मध्ये वादळाने झाडं आडवी केली, चर बुजले, पाणी परत आलं, आणि उजेड पडला तिथे लव्हाळा उगवला. "हा बघ," म्हणून तिने एक काडी त्याच्या बोटांत दिली. "फिरव. गवत गोल लागतं, हा तीन कोनी लागतो." नंदकुमारने काडी फिरवली, फिरवता फिरवता त्याचा डोळा लागला.

पद्मजाचा प्रश्न एवढाच होता की लव्हाळ्याखाली पीटचं कुजणं थांबतं का? ते मोजायची पद्धत जगभर चालते, आणि ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. चहाच्या पिशव्या जमिनीत पुरायच्या, तीन महिन्यांनी काढायच्या, वाळवायच्या आणि आत किती चहा उरला ते तोलायचं. ऑक्टोबरमध्ये नवरा-बायकोने निम्म्या पिशव्या पाइनखाली आणि निम्म्या लव्हाळ्यात पुरल्या. येत्या उन्हाळ्यात ते पाइन तोडले जाणार होते. म्हणजे पुन्हा पुरायची सोय नव्हती. पद्मजाचं काय होणार, ते या पिशव्यांवर होतं.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात 'चहा' या शब्दाचा अर्थ बदलला. "चहा भिजला असेल का रे?" "चहा हरणांनी उकरला तर?" आपला रोजचा, आल्याचा, दुधाचा चहा हवा असेल तर 'प्यायचा चहा' असं म्हणावं लागायचं.

जानेवारीत पिशव्या काढायची वेळ आली आणि नेमकं घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी आली. पद्मजाला राहवेना. नंदकुमारने गाडी काढली. डोंगराच्या अलीकडेच गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, अडवलं.

"कुठे निघालात?"

नंदकुमारला खोटं बोलता येत नाही. त्यालाही ताकद लागते. "चहा आणायला," तो म्हणाला.

"डोंगरावर?"

"ऑक्टोबरमध्ये पुरून ठेवलाय."

गार्डाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पद्मजाकडे, आणि सहानुभूतीने म्हणाला, "या लॉकडाउनने आम्हा सगळ्यांचंच डोकं फिरलंय. घरी जा. वाटेत दुकान आहे, दूधही मिळेल."

एप्रिलात जिल्ह्यात फिरायची मुभा मिळाली तेव्हा दोघं गेले. उशीर दोन्हीकडे सारखाच झाला होता, त्यामुळे तुलना अजून शक्य होती. पण हरणांनी लव्हाळ्यातल्या बऱ्याच पिशव्या खरोखरच उकरल्या होत्या. उरल्या त्या कशाबशा पुरतील एवढ्या. आणखी एक जरी गेली असती तरी पंचाईत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पद्मजाचा नंबर लागायला अवकाश होता, म्हणून तिने त्या हॉट प्रेसमध्ये वाळत ठेवल्या. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे त्यात टॉवेल उबदार राहतात.

चौथ्या दिवशी सकाळी नंदकुमार रात्रपाळीवरून आला. पद्मजा वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये होती. स्वयंपाकघरात चहाचा डबा रिकामा. त्याने तिला मेसेज टाकला, "चहा कुठंय?"

झोपेत एक शब्द राहून गेला. तिचं उत्तर तत्काळ आलं, "हॉट प्रेसमध्ये. झकास वाळलाय!"

'वाळलाय' हे जरा विचित्र वाटलं, पण विचार करायला जे लागतं ते कारखान्यातच राहिलं होतं. पिशव्या तपकिरी, मातकट. निहारिका असले काहीतरी हर्बल प्रकार आणतच असते. त्याने पाणी ठेवलं, आलं किसलं, दूध घातलं, साखर घातली, उकळी आणली आणि घोट घेतला.

आलं लागलं. साखर लागली. चहा मात्र कुठेच नव्हता.

नंदकुमारने कप खाली ठेवला. चव गेली! तो वर धावला आणि दाराबाहेर, दोन मीटरवर, भिंतीला चिकटून उभा राहिला. "पद्मा, बाहेर येऊ नकोस. मला झालाय."

"काय झालाय?"

"कोविड. चहाची चव लागत नाही."

"आल्याची लागते?"

"लागते."

"मग कोविड कसा असेल? कुठला चहा घेतलास, नंदू?"

"तू सांगितलास तोच."

दार उघडलं. पद्मजाचा चेहरा पाहून नंदकुमारला वाटलं, कोविड असता तर बरं झालं असतं. सहा महिने या बाईने डोंगराकडे बघत काढले होते, आणि त्याने ते साखर घालून उकळले होते.

"कुठल्या फळीवरच्या?" तिने अगदी हळू विचारलं.

"वरच्या. दोन. रिकाम्या लागल्या म्हणून दोन टाकल्या गं."

ती भिंतीला टेकली. "वरच्या पाइनच्या. त्या भरपूर आहेत." मग एकदम ताठ झाली. "रिकाम्या म्हणजे?"

"आत काही नव्हतंच. आधी खालची एक उचलली होती, ती चांगली भरलेली होती. म्हटलं ओली असेल, ठेवली परत."

"खालची लव्हाळ्यातली," पद्मजा म्हणाली. "आणि ती ओली नाहीये, नंदू. कडकडीत वाळलीये."

 आतून लॅपटॉपमधला कुणीतरी विचारत होता, "पद्मजा, आर यू देअर?"

पुढच्या आठवड्यात तराजूनेही तेच सांगितलं. लव्हाळ्याखाली चहा टिकला होता, पाइनखाली कुजून गेला होता. पद्मजाने प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिलं की काही नमुने हरणांनी उकरले, आणि दोन वाळवताना एका मोठ्या सस्तन प्राण्याने घेतले.

तो प्राणी तेव्हा जिन्याच्या पायरीवर झोपला होता. एक बूट पायात, एक हातात.

"नंदू, चहा?" पद्मजाने विचारलं.

त्याने एक डोळा उघडला. "कुठला?"