अर्धा नमस्कार

"मिस्त्री, गिऱ्हाइकं असताना तुम्ही बर्फावर यायचं नाही," मॅनेजर नाईक साहेब कठड्याबाहेरून ओरडले.

तेव्हा मी बर्फावरच होतो. माझ्या दोन्ही दंडांना धरून एक बँकेतले साहेब लटकले होते. आयुष्यात पहिल्यांदा स्केट घातलेले. मी बाजूला झालो असतो तर ते पडले असते. मला राग आला आणि मी बाजूला झालो. ते पडले.

"बघा, तुमचा नियम पाळला," मी नाईक साहेबांना म्हणालो.

रागाच्या भरात मी असं काहीतरी करतो आणि नंतर मलाच वाईट वाटतं. बँकेतल्या साहेबांना उचललं, माफी मागितली, त्यांची पँट झटकली. ते भले माणूस. म्हणाले, "पण मामा, तुम्ही धरलं होतं तोवर जमत होतं."

हे वाक्य मी नाईक साहेबांना दोनदा ऐकवलं.

मी रेफ्रिजरेशनचा माणूस. मूळ माळशिरस भागातला. शाळा नववीत सुटली. सोलापुरात बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलता उचलता कॉम्प्रेसर शिकलो. पुढं स्वतःची गाडी घेतली, हत्यारं घेतली, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज उभी केली. कुणी शिकवलं नाही, कुणी ओळख काढून दिली नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. सोलापुरातल्याच एका मॉलनं वरच्या मजल्यावर आइस रिंक काढायचं ठरवलं तेव्हा प्लांटचं काम माझ्याकडं आलं.

आइस रिंक म्हणजे स्केटिंगसाठी केलेलं बर्फाचं मैदान. बाहेर बेचाळीस डिग्री असताना आत बर्फ कसा राहतो, असं सगळे विचारतात. फरशीखाली पाइपांचं जाळं असतं. त्यातून ग्लायकॉल फिरतं, म्हणजे सहजासहजी गोठत नाही असं पाणी समजा. ते उणे दहाला असतं. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर द्यायचा, गोठू द्यायचा, मग पुढचा थर. असे थर देत देत मी तीन बोटं जाड बर्फ जमवला. एका वेळी जास्त पाणी ओतलं तर बर्फ तडकतो. घाई चालत नाही.

दिवसभर स्केटच्या पात्यांनी बर्फावर ओरखडे पडतात. म्हणून रोज सकाळी त्यावर गरम पाणी फिरवायचं. बर्फावर गरम पाणी म्हटलं की लोक हसतात. पण गरम पाण्यानं ओरखड्यांच्या कडा विरघळतात आणि त्यात हवा कमी असल्यानं ते काचेसारखं गोठतं. मोठ्या रिंकवर याला गाडी असते. आमच्याकडं चाकांवरची टाकी, मागं नळी आणि नळीमागं घासत जाणारा ओला टॉवेल. टॉवेल आपला सोलापुरी. दुसरे दोन आणून बघितले, त्यांचे दोरे बर्फात अडकले.

ही टाकी ओढता ओढता मी स्केटिंग शिकलो. आधी गमबूट घालून, मग कंटाळून नऊ नंबरचे स्केट चढवले. वय पंचावन्न. पहिल्या महिन्यात इतका पडलो की बायकोनं विचारलं, "तुम्ही प्लांट चालवताय का कुस्ती खेळताय?" आठ महिन्यांत मात्र टाकी हलकी वाटायला लागली.

आता माझं दुखणं सांगतो. रिंकच्या दारात एक बोर्ड आहे, 'आमची टीम'. त्यावर नाईक साहेबांचा फोटो आहे, कोचचा आहे, तिकीट खिडकीवरच्या मॅडमचा आहे, कॉफीवाल्याचा आहे. शेवटी टोपी घातलेल्या पेंग्विनचं चित्र आहे. माझा फोटो नाही. पेंग्विननं बर्फाचा एक थर दिलेला नाही, तरी तो आहे.

कोच ओंकार पुण्याहून आलेला. पोरगा गुणी. बर्फावर असा फिरतो की बघत राहावं. पण नवख्या लोकांना तो एकच सांगायचा, "गुडघे वाकवा." आणि इथंच सगळी गोची होती. आपल्या माणसाला 'वाका' म्हटलं की तो कंबरेत वाकतो. गुडघे ताठ, पाठ आडवी, तोंड खाली. पाय पुढं पळतात आणि माणूस मागं आपटतो. मग तो कठडा धरतो आणि तास संपेपर्यंत सोडत नाही. रिंकच्या मध्ये मोकळा बर्फ आणि कडेनं चिकटलेली माणसं, असं रोजचं चित्र. एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येत नव्हतं.

मला ते बघवायचं नाही. मी कठड्याबाहेरून नाड्या घट्ट बांधून द्यायचो, टाच मागं ठोकून बसवायला सांगायचो. अगदीच राहवलं नाही तर आत उतरायचो. बँकेतल्या साहेबांच्या वेळी तेच झालं.

त्याच संध्याकाळी नाईक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"मिस्त्री, रविवारी मंद्रूप गावचा बचत गट येतोय. चोवीस बायका. आणि त्याच वेळी मॉलचे मालक, शेठ, बघायला येणार आहेत."

"मग येऊ द्या की."

"शेठना पुन्हा रेलिंगला चिकटलेली माणसंच दिसली, तर महिनाअखेर बर्फ बंद. तिथं ट्रॅम्पोलिन लावायचं म्हणतायत."

थर देत देत जमवलेला बर्फ वितळवून गटारात सोडायचा, आणि तिथं पोरांनी उड्या मारायच्या. माझं डोकं तापलं. पण तापलेल्या डोक्यानं सौदा करायचा नसतो. मी पाणी मागून प्यायलो.

"रविवारी मी आत उतरणार," मी म्हणालो. "ओंकारनं मला अडवायचं नाही. गाणी बंद ठेवायची. वीस मिनिटं जास्त द्यायची. आणि बोर्डवर माझा फोटो लावायचा."

"फोटो? तुमचा फोटो बघून कोण येणार आहे?"

"पेंग्विनचा बघून कोण आलंय?"

नाईक साहेब हसले. मग घासाघीस सुरू झाली. मी गाणी सोडली. वीस मिनिटं सोडली. ओंकारचा मुद्दाही सोडला, कारण तो पोरगा मला अडवणार नाही हे मला ठाऊक होतं. मला पहिल्यापासून दोनच गोष्टी हव्या होत्या. त्या दोन राहिल्या.

"बायका कठडा सोडून फिरल्या तर फोटो," नाईक साहेब म्हणाले.

"हातावर हात द्या," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी एक काम गुपचूप केलं. एरवी बर्फ उणे पाचवर ठेवतो. त्या दिवशी उणे तीनवर आणला. बर्फ जरा मऊ असला की पातं त्यात थोडं रुततं, वेग कमी होतो. तरबेज माणूस कुरकुर करील, नवख्याला बरं.

दुपारी बायका आल्या. बहुतेकींनी आपापल्या पोरींचे ड्रेस घातले होते. त्यांच्या अध्यक्ष शालनताई मात्र नऊवारीत, पदर कमरेला घट्ट खोचलेला. वय माझ्याएवढंच. ओंकार म्हणाला, "मामा, साडी चालणार नाही."

"काष्टा हाय बाबा," शालनताई म्हणाल्या. "तुझ्या पँटीपेक्षा पाय मोकळं हायत."

मी काष्टा बघितला. काही लोंबत नव्हतं. मी मान हलवली.

नाड्या बांधताना त्यांनी मला त्यांची अडचण सांगितली. "माजा दीर लई बोलला. म्हनला, म्हाताऱ्या बर्फावर जानार अन् चौघींच्या खांद्यावर येनार. मी म्हनलं, कठडा न धरता एक फेरी मारून व्हिडिओ दावते. दावला तर गटाची मीटिंग तुझ्या ओसरीवर, अन् च्या तुझ्या हातचा. न्हाय जमलं तर तो जलमभर हसनार बगा."

म्हणजे त्यांचाही सौदा होता. मला बाई आवडल्या.

ओंकारनं पहिल्या दहा जणींना आत घेतलं. "गुडघे वाकवा," तो म्हणाला. दहाही जणी कंबरेत वाकल्या. दोघी बसल्या, आठ कठड्याला चिकटल्या. एक जण म्हणाली, "आगं बाई, ही फरशी पळतीया!" हसून हसून सगळ्यांचे हात सुटायची वेळ आली, पण कठडा काही सुटला नाही. नाईक साहेब घड्याळ बघत होते.

मग शालनताई दारात आल्या. नव्या जागी पाऊल टाकायचं म्हणून एका हातानं दार धरून त्या बर्फाच्या पाया पडायला खाली गेल्या. बोटं बर्फाला लावली, कपाळाला लावली. ओंकारनं शिट्टी वाजवली.

"हात खाली नको! कुणाचं ब्लेड जाईल बोटावरून!"

त्याचं खरं होतं. पण माझी नजर शालनताईंच्या पायांवर होती. स्केटचा बूट घोट्यात ताठ असतो आणि पात्यानं उंची वाढते. तो घालून नुसतं कंबरेत वाकलं तर तोल पुढं जातो. त्यामुळं बाई गुडघ्यांतच बसल्या होत्या. आणि आता शिट्टी ऐकून उठायला लागल्या होत्या.

"थांबा!" मी ओरडलो. "तितंच थांबा! हलू नका!"

त्या निम्म्यातच थांबल्या. "का? साप हाय का?"

"साप न्हाय. तशाच राहा."

गुडघे वाकलेले, हात पुढं, तोंड वर माझ्याकडं. ओंकार आठ महिने सगळ्यांना हेच समजावत होता. मी आत उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"आता दार सोडा. टाचा जवळ, चवडे बाहेर. बारीक पाऊल टाका. उठायचं न्हाय, बसायचं न्हाय. नमस्कार अर्ध्यातच ठेवायचा."

त्यांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला स्केट आपोआप घसरला आणि त्या हातभर पुढं आल्या. पडल्या नाहीत. त्यांचं तोंड असं उघडं राहिलं की मलाच हसू आलं.

ओंकार जवळ आला. मला वाटलं, चिडेल. तो हळूच म्हणाला, "मामा, हीच पोझिशन. परफेक्ट. पण बोटांचं काय?"

तिथंच ठरवलं. पाया पडायचं ते फक्त दारात, एका वेळी एकीनं, आणि तोवर आतलं कुणी हलायचं नाही. पडलात तर मुठी मिटायच्या. ओंकार दारात उभा राहून एकेकीला नमस्कार घालायला लावायचा आणि निम्म्यात ओरडायचा, "अर्धा!" मी पुढं उभा राहून त्यांना माझ्याकडं बोलवायचो. कठड्याला चिकटलेल्या आठ जणींनाही पुन्हा दारातून आणलं. पाव तासात कठडा मोकळा व्हायला लागला. बायका बदकांसारख्या चालत होत्या, एकमेकींना धडकत होत्या, मुठी मिटून पडत होत्या आणि परत उठून अर्ध्यात उभ्या राहत होत्या.

मग शालनताईंनी फोन मैत्रिणीच्या हातात दिला. "घे गं. फेरी बगून घे."

त्या निघाल्या. मी त्यांच्यापुढं उलटा चाललो, दोन हात अंतर ठेवून, हात न लावता. पहिला कोपरा गेला. दुसरा गेला. तेवढ्यात शेठ दारात येऊन उभे राहिले. मी बघितलं, नाईक साहेबांनी बघितलं. शालनताईंना त्यांचं काही नव्हतं. तिसऱ्या कोपऱ्यावर समोर फोन दिसला आणि त्या फोटोला उभं राहतात तशा ताठ झाल्या.

पाय पुढं निघाले. हात हवेत गेले. मी धरलं असतं, पण धरलं की फेरी गेली. मी हात मागं बांधले. आयुष्यात इतके अवघड सौदे केले, पण तेवढं जड काही गेलं नाही.

"अर्धा! अर्धा!" सगळ्या रिंकभर बायका ओरडल्या.

शालनताई झपकन गुडघ्यांत बसल्या. डगमगल्या. थांबल्या. आणि सावकाश, हात पुढं धरून, चौथा कोपरा घेऊन दारात आल्या. त्यांनी कठड्याला बोटसुद्धा लावलं नाही. बायकांनी असा गलका केला की खाली कपड्यांच्या दुकानातली माणसं वर बघायला आली.

शेठ पुढं आले. त्यांनी आठ नंबरचे स्केट मागवले. दारात आले, बायकांनी सांगितलं तसे मनोभावे पाया पडले आणि सवयीनं सरळ उभे राहिले. पुढच्या क्षणी ते आडवे होते. नाईक साहेबांचा रंग उडाला.

"शेठ, पुरा नमस्कार देवाला," शालनताई म्हणाल्या. "हितं अर्धाच."

शेठ बर्फावर बसल्या बसल्या हसायला लागले. मग ओंकारनं त्यांना पुन्हा दारातून आणलं आणि निम्म्यात थांबवलं. त्यांनी अर्धी फेरी मारली. ट्रॅम्पोलिनचा विषय त्यानंतर निघाला नाही. बँकेतल्या साहेबांना मी फोन करून बोलावलं. ते आता दर शनिवारी येतात.

पुढच्या आठवड्यात शालनताईंचा फोन आला. मीटिंग दिराच्या ओसरीवर झाली होती. चहा दिरानं केला होता. "लई पानचट होता," त्या म्हणाल्या, "पर दोन दोन कप पिलो."

आणि नाईक साहेब शब्दाला जागले. बोर्डवर माझा फोटो लागला, पेंग्विनच्या वरती. त्या रविवारचाच आहे. मी एका बाईला अर्धा नमस्कार करून दाखवतोय, फोटो मागून काढलाय. डोक्यावर हेल्मेट, तोंड पलीकडं. दिसतं ते एवढंच की एक माणूस बोर्ड बघणाऱ्याकडं पाठ करून अर्धवट बसलाय. खाली नाव 'मिस्त्री'. बायकोनं बघितलं आणि ओळखलं. म्हणाली, "पँट ओळखीची आहे."

पुढून काढलेल्या फोटोसाठी माझी नाईक साहेबांशी बोलणी चालू आहेत. तुम्हाला एवढंच सांगतो, फोटोचा सौदा करताना तो कुठल्या बाजूनं काढायचा, तेही आधीच ठरवून घ्या.