घरचा वाफा

"पदर झाड," काकी म्हणाल्या.

वाडीतल्या सगळ्या बाया बघत होत्या. मी पदर झाडला. चार ढोबळ्या मिरच्या खाली पडल्या. काकी म्हणजे वाडीच्या मालकीण. त्यांनी मिरच्या उचलल्या, पुसल्या, सुनेच्या हातात दिल्या. "तुला जाळीखालची न्यायला कोण नको म्हणतं? ही घरच्यांची आहे."

नोटा बंद झाल्या ते साल. मी तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरून रोज टेम्पोने डहाणूच्या त्या वाडीत जायचे. पोरगी काखेत. जाळीखाली ढोबळी मिरची. तिच्यावर औषध मारायचं तेही आम्हीच. पाठीवर पंप, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा. विहिरीजवळ मात्र एक छोटा वाफा होता, त्यावर औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही. वारा तिकडे वाहत असला तर पंप बंद. वारा आमच्या तोंडावर असला तर चालू. मालकांच्या घरात त्या वाफ्यातलंच शिजायचं. संध्याकाळी निघताना मजुरांनी ओंजळभर भाजी न्यावी, ही वाडीची रीत. पण जाळीखालची.

सून माझ्याच वयाची. तिचा मुलगा बाबू आणि माझी मुलगी एकाच पावसाळ्यातले. तो ओट्यावर बसून कच्ची मिरची कुरुमकुरुम खायचा आणि सून त्याला काही म्हणायची नाही. माझ्या पोरीने हात पुढे केला की मी तिच्या हातावर चापट मारायचे. सुनेच्या साड्यांचा मला कधी हेवा वाटला नाही, बंगल्याचाही नाही. ती पोराला ओरडत नाही याचा वाटायचा. जळायचे मी. म्हणून वाफ्यातल्या त्या चार तोडल्या होत्या.

पुढे कृषी खात्याचे एक साहेब वाडीत आले. माल परदेशी जाणार होता. तोडणीच्या आधी फवारणी थांबवा, म्हणाले. नमुना प्रयोगशाळेत जाईल, औषध जास्त निघालं तर माल नाकारतील. मी विचारलं, आमच्या बाजारात जातो त्याचं काय? साहेब वाईट नव्हते. नियम इथेही आहे, म्हणाले, पण गावोगावचे बाजार तपासायला माणसं कुठून आणायची?

त्या दिवसापासून मला आणखी एका बाईचा हेवा वाटायला लागला. कुठल्या देशातली, कशी दिसते, काही ठाऊक नाही. तिच्या पोराच्या ताटासाठी दोन दोन सरकारं जागी होती. माझ्या पोरीसाठी एक माणूस मिळत नव्हता.

आणि माल नाकारला गेला. औषध जास्त निघालं. वाडीच्या मालकांनी, शेठने, बराचसा टेम्पोत भरून आपल्याच बाजारांना धाडला. उरलेले क्रेट आमच्यापुढे ठेवले. फुकट आहे, वाटून घ्या, म्हणाले. काकी ओट्यावर उभ्या होत्या, दानधर्म करत असल्यासारख्या.

माझी पाळी आली. मी क्रेट उचलला आणि काकींच्या पायाशी नेऊन ठेवला.

"काकी, आज ही तुमच्या घरात शिजवा. बाबूला खाऊ घाला. मग मी नेते."

सुनेने पोराला उचलून आत नेलं. काकींनी एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नको. माझ्या मागच्या बाईने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि ती माझ्याबरोबर फाटकाबाहेर आली.

आता दर बाजाराच्या दिवशी मी बाजारातली भाजी घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाते. बाई, इथे तपासत नाहीत, असं सांगतात. मग तपासायला लागा, म्हणते. टेबलावर ठेवते आणि येते. त्यांना वास येतो, माशा येतात. येऊ देत.

काकींच्या वाफ्यातलं मला काही नको. माझा हेवा गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणार नाही. त्या परदेशी बाईच्या पोराला जो नियम, तोच माझ्या पोरीला लागेपर्यंत ते टेबल मी रिकामं ठेवणार नाही.