मधल्या सुट्टीतला दंड

शाळा सुटते, खडूची पूड मात्र पदरातून सुटत नाही. किस्स्यांचेही तसेच आहे. निवृत्त झाले, तरी पदर झटकला की एखादा उडतोच!

वडीगोद्रीजवळच्या शाळेत मी मुख्याध्यापिका असताना गणिताचे खरात सर एकदा म्हणाले, "बाई, शिकवायचं सोडून सगळंच करून राह्यलो. दिवाळीनंतर मी येत न्हाई. स्वेच्छानिवृत्ती घेतो."

गणिताला दुसरे शिक्षक नव्हते. या माणसाचा शीण नेमका कशाने उतरेल, याचे मला कुतूहल लागून राहिले.

* * *

पहिला उपाय वरून आला: अंबडला ताणमुक्तीचे प्रशिक्षण. तेही रविवारी! व्याख्याते म्हणाले, "डोळे मिटा. सर्व चिंता विसरा."

आम्ही डोळे मिटले. तोच मागून सूचना आली, "सर्वांनी डोळे मिटलेला फोटो लगेच ग्रुपवर टाका!"

खरात सर तसेच डोळे मिटून म्हणाले, "मंग काढायचा कोणी?"

* * *

मग मी शाळेतच प्राणायाम सुरू केला. "श्वास रोखा," असे मी म्हणते न म्हणते, तोच माझ्या मोबाईलवर 'तातडीची माहिती' येऊन थडकली. मी वाचत राहिले. आमच्या सहशिक्षिका शेख मॅडम लालबुंद होऊन हातवारे करू लागल्या.

खरात सर म्हणाले, "बाई, आधी मॅडमला सोडा. माहिती काय, संध्याकाळी बी भरता येती!"

* * *

शेवटी शेख मॅडमनी नियम काढला: मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत शाळेच्या कामाचा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारील, त्याने सर्वांसाठी चहा करायचा.

पहिला आठवडाभर चहा मीच केला!

शेख मॅडम घोट घेऊन म्हणाल्या, "बाई, शिस्त बराबर आहे. साखर तेवढी न्हाई!"

खरात सरांना मात्र कधी दंड झाला नाही. ते कामाचेच काय, कशाचेच बोलत नसत. नियमाचे इतके काटेकोर पालन मलासुद्धा रुचेना.

* * *

एकदा मॅडमनी विचारलेच, "सर, लहानपणी काय करत होता?"

"मेंढरं वळत होतो. लई वांड! पण एका मेंढीनं कधी 'फोटो पाठवा' म्हणलं न्हाई!"

असा हशा पिकला, की घंटा कोणालाच ऐकू आली नाही. मुलेच बोलवायला आली. मी घड्याळ पाहिले आणि हसत हसतच उठले.

* * *

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. चकलीचा डबा उघडा होता. पण कोणी हात घालीना. खरात सरांकडे पाहण्याचे सगळेच टाळत होते.

सरांनी घसा खाकरला. "बाई, सुट्टीनंतर सातवीला गणिताचा तास पहिला ठेवा. दुपारच्याला पोरं पेंगतात."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. मग शेख मॅडम ओरडल्या, "दंड! दंड!"

खरात सर उठले, शेगडीवर पातेले चढवले आणि मागे वळून म्हणाले, "साखर कुठं ठेवता हो, बाई? का अजून आणलीच न्हाई?"